कर्बाचा जमाखर्च : अजमास, ताळेबंद आणि न्याय

(१)

ऐतिहासिक कागदपत्रांच्या अभ्यासकांस अजमास व ताळेबंद यांमधील भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मुलखाच्या पुढील जमाखर्चाचा आगाऊ अंदाज तो अजमास. प्रत्यक्ष जमा व प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घालून सिद्ध केलेला कागद तो ताळेबंद. दोन्ही कागद दिसावयास सारखेच. बाबी त्याच, मांडणी तीच, अखेरची बेरीजही तशीच. परंतु अजमासांतील आंकडा वसूल झाला असें समजून ज्यानें निष्कर्ष काढिले तो फसलाच म्हणून समजावें. पुणें येथील हुजूर दफ्तरांत एकबेरीज नांवाची जी शाखा होती, तिच्याकडे ठिकठिकाणचे हिशेब एका नमुन्यांत उतरून त्यांचे तर्जुमे तयार करण्याचें काम असे. एका प्रांताची दुसऱ्याशीं तुलना करावयाची तर नमुना एक हवा, हें त्या कारकुनांस पुरें ठाऊक होतें. नमुना एक झाला म्हणजे आंकडाही खरा झाला असें मात्र नव्हे, हेंही त्यांस तितकेंच ठाऊक असलें पाहिजे. एरव्हीं रुजुवातीची गरजच पडती ना.

प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या हिशेबाचा विचार करणार आहों तो मुलखाच्या वसुलाचा नाहीं. कोळसा, खनिज तेल इत्यादि इंधनें जाळून मनुष्यानें जो कर्बवायु वातावरणांत सोडिला, व भातशेती, गुरें, खाणी यांपासून जे दुसरे तापवर्धक वायु निघाले, त्यांचा हा हिशेब आहे. हा विषय शास्त्रज्ञांचा व राजकारण्यांचा. इतिहाससंशोधकांच्या पृष्ठांत त्यास स्थान कशास, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर एवढेंच कीं, हा हिशेब अडीचशें वर्षें मागें जातो, तो जुन्या कागदांवर रचलेला आहे, आणि त्याच्या बेरजेवरून कोणत्या देशानें किती भार सोसावा हें ठरूं पाहत आहे. देणें ठरविणारा कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला, कशाच्या आधारें लिहिला आणि त्याची रुजुवात कोणीं केली, हे प्रश्न विचारणें हें आपलेंच काम आहे.

(२)

या हिशेबाचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. हवेंतील कर्बवायु वाढल्यास पृथ्वीचें उष्णमान किती वाढेल याचें गणित स्वीडनमधील आऱ्हेनियस यानें १८९६ सालीं केलें. प्रत्यक्ष मोजणीस अव्याहत आरंभ झाला तो १९५८ सालीं. त्या वर्षीं कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर यंत्र बसविलें. तेव्हां दहा लक्ष भाग हवेंत कर्बवायूचें प्रमाण सुमारें ३१५ भाग होतें. २०२४ सालीं तें ४२० च्या वर गेलेलें आढळतें. यंत्रयुगापूर्वींचें प्रमाण सुमारें २८० होतें, हें ध्रुवप्रदेशांतील जुन्या बर्फांत कोंडलेल्या हवेवरून ठरलें आहे. ही एकूण शिलकेची बाजू झाली व ती निर्विवाद आहे. वाद आहे तो खतावणीचा, म्हणजे ही शिल्लक कोणाच्या नांवें किती मांडावी याचा.

१९९२ सालीं रिओ येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत सर्व राष्ट्रांची जबाबदारी समाईक परंतु भिन्न प्रमाणाची आहे, हें तत्त्व मान्य झालें. त्याच करारान्वयें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या उत्सर्जनाची यादी परस्परांशीं ताडून पाहतां येईल अशा रीतीनें द्यावी असें ठरलें. याद्या कशा कराव्या याचे नियम आंतरशासकीय शास्त्रज्ञमंडळानें १९९५ सालीं प्रथम दिले, १९९६ सालीं ते सुधारले, व २००६ सालीं नव्यानें रचिले. २०१५ च्या पॅरिस करारानें श्रीमंत व दरिद्री या सर्वांस एकाच धर्तीचा हिशेब देण्याचें बंधन घातलें. येणेंप्रमाणें एक नमुना तयार झाला, आणि तो होणें अवश्यच होतें. परंतु नमुन्याच्या पोटांत तीन प्रश्न दडून असतात. खातें कोणत्या सालापासून उघडावयाचें? खर्च कोणाच्या नांवें टाकावयाचा? आणि आंकडा मोजलेला आहे कीं अजमासाचा? या तिहींचा निर्णय झाल्यावांचून बेरजेस न्याय म्हणतां येत नाहीं.

(३)

तिसरा प्रश्न प्रथम घेतों, कारण त्याचा दाखला आपल्या देशांतील असून फार बोधप्रद आहे.

वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेनें १९९०-९१ सालचा जो अहवाल काढिला, त्यांत तापवर्धक वायूंच्या उत्सर्जनाची देशवार यादी दिली होती. तींत ब्राझील, चीन व भारत हीं तिन्ही राष्ट्रें पहिल्या पांचांत बसविलेलीं होतीं. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं १९९१ सालीं एक छोटें पुस्तक लिहून या यादीची झडती घेतली. त्यांचा मुख्य आक्षेप वजावटीवर होता. सोडलेल्या वायूंपैकीं मोठा भाग समुद्र, वनस्पति व हवा स्वतःच जिरवून टाकितात. ही वजावट यादीकारांनीं ज्याचें उत्सर्जन अधिक त्यास अधिक अशी वांटली होती. म्हणजे ज्यानें धूर फार केला त्यास सूटही फार. समुद्र कोणाच्या वतनांतील नव्हे. तेव्हां त्याची सूट माणशीं सारखी वांटावी, असें या उभयतांचें म्हणणें होतें. त्यांनीं त्याप्रमाणें वांटणी करून पाहिली तों भारताचें उत्सर्जन आपल्या हिश्श्याच्या आंतच बसलें. मूळ आंकडे बहुतांशीं तेच, वजावटीचा नियम मात्र बदललेला, आणि ऋणको निर्दोष ठरला! पोटाकरितां होणारें उत्सर्जन व चैनीकरितां होणारें उत्सर्जन एका मापानें मोजूं नये, असाही त्यांचा आग्रह होता.

याहून महत्त्वाची गोष्ट भातशेतीची. पाणी सांचलेल्या भातखाचरांतून मिथेन नांवाचा वायु निघतो. भारतांतील भातशेतींतून वर्षास ३ कोटि ७८ लक्ष टन मिथेन निघतो, असा अमेरिकेच्या पर्यावरणखात्याचा अंदाज त्या काळीं प्रचलित होता. हा आंकडा भारतांत मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेंतील शेतांवर जें आढळलें, त्यास भारतांतील भाताच्या क्षेत्रानें गुणून तो काढिलेला होता. १९९१ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकारानें, डॉ. ए. पी. मित्र यांच्या मार्गदर्शनाखालीं, देशाच्या निरनिराळ्या भागांतील खाचरांवर पेट्या ठेवून वायूची प्रत्यक्ष मोजणी करण्यांत आली. आपलीं पुष्कळ खाचरें पावसावर अवलंबून असतात, मधून मधून सुकतात, व त्यांच्या मातींत सेंद्रिय द्रव्य कमी असतें. त्यामुळें मिथेनही कमी निघतो. मोजणीचा निष्कर्ष वर्षास सुमारें ४० लक्ष टन असा आला. त्याची मर्यादा २४ ते ६० लक्ष टन धरण्यांत आली. पुढें भारत सरकारनें १९९४ सालाकरितां जी अधिकृत यादी संयुक्त राष्ट्रांकडे धाडिली, तींतही या बाबीखालीं सुमारें ४१ लक्ष टन हाच आंकडा आहे.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या बाबीखालीं एका देशाच्या गरीब शेतकऱ्यावर दोष ठेवण्यांत येत होता, ती बाब मोजून पाहतांच नऊदशांश नाहींशी झाली. कोणीं लबाडी केली असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या हातीं मोजण्याचें साधन नव्हतें, त्याच्या खात्यांत दुसऱ्याचा अजमास ताळेबंद म्हणून चढला, इतकेंच.

मोजणी नेहमीं दुर्बळाच्याच बाजूनें कौल देते असेंही नव्हे. चीनच्या बाबतींत एकाच वर्षीं, २०१५ सालीं, दोन्ही प्रकार घडले. तेथील कोळसा निकृष्ट असल्यामुळें त्याच्या दर टनामागें निघणारा कर्ब ठरीव आंकड्यापेक्षां सुमारें ४० टक्के कमी असल्याचें संशोधकांनीं दाखविलें. तर त्याच वर्षीं तेथील सरकारी आंकड्यांची दुरुस्ती होऊन २०१२ सालचा कोळशाचा खप पूर्वीं सांगितल्यापेक्षां सुमारें ६० कोटि टनांनीं अधिक निघाला. अस्सल कागद कोणाचीही भीड धरीत नाहीं, व त्याचें मोल त्यांतच आहे.

(४)

आतां खातें कोणत्या सालापासून उघडावें हा प्रश्न. १९९७ च्या क्योटो करारानें १९९० हें पायाभूत वर्ष धरिलें. तत्पूर्वींचें सर्व उत्सर्जन त्यामुळें जणूं मागील बाकी न ओढतां नवी वही घालावी तसें बाजूस राहिलें. त्याच सालीं ब्राझीलनें अशी सूचना मांडिली होती कीं, पृथ्वीचें जें उष्णमान आजवर वाढलें, त्यांत ज्या राष्ट्राचा जितका ऐतिहासिक वांटा, तितका भार त्यानें उचलावा. ती सूचना मान्य झाली नाहीं. तिचें महत्त्व आंकड्यांवरून कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून केवळ इंधनांपासून झालेलें उत्सर्जन मोजल्यास एकट्या अमेरिकेचा वांटा सुमारें चतुर्थांश येतो, व जगांतील सुमारें षष्ठांश माणसें जेथें राहतात त्या भारताचा अवघा तीन-चार टक्के. उलटपक्षीं १९९० पासून हिशेब धरिला तर चीन हा अमेरिकेच्याही वर जातो. ऋणकोंचा क्रम असा आरंभीच्या सालावर अवलंबून आहे.

हे जुने आंकडे आले कोठून, हें पाहूं लागलें म्हणजे संशोधकास आपल्या घरीं आल्यासारखें वाटतें. १७५१ पासूनची जी वार्षिक मालिका अमेरिकेंतील ओक रिज प्रयोगशाळेंत तयार झाली, तिचा १९५० नंतरचा भाग संयुक्त राष्ट्रांच्या इंधनविषयक आंकड्यांवर उभा आहे. तत्पूर्वींचा भाग मात्र इतिहासकारांनीं जमविलेल्या खाणींच्या उत्पादनाच्या व आयातनिर्गतीच्या कोष्टकांवर रचिलेला आहे. म्हणजे कोण्या खाणीवरील कारकुनानें शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं लिहिलेला टनांचा आंकडा हाच या प्रचंड हिशेबाचा मूळ कागद होय.

आणि खर्च कोणाच्या नांवें? प्रचलित नियम असा कीं, ज्या भूमीवर इंधन जळलें त्या भूमीच्या खात्यांत तें मांडावें. हा नियम सोपा आहे. पण इतिहास त्यास जुळत नाहीं. बंगाल्यांत राणीगंजचा कोळसा काढण्यास १७७४ सालीं प्रारंभ झाला, तो कंपनी सरकारच्या नोकरांकडून. आपल्याकडे वऱ्हाडाच्या पूर्वेस, चांदा जिल्ह्यांत वरोरा येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज सरकारनें खाण चालविली, व तिच्याकरितां वर्ध्याहून लोहमार्ग नेला. खाण कोठें खणावी, कोळसा कोणास द्यावा, आगगाडी कोणाच्या मालाकरितां धांवावी, यांपैकीं एकही गोष्ट येथील रयतेस विचारून झाली नाहीं. तथापि तो धूर आजच्या खतावणींत भारताच्या नांवें आहे. परसत्तेखालील हें उत्सर्जन राज्यकर्त्यांच्या खात्यांत वळतें करून अलीकडे कित्येकांनीं गणित मांडून पाहिलें आहे. तसें केल्यास ब्रिटनचा वांटा फार वाढतो. असें वळतें करणें सर्वस्वीं योग्य आहे असा आमचा आग्रह नाहीं. परंतु खात्याच्या शिरोभागीं एवढी टीप असल्याशिवाय वही पुरी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं.

दुसरीही उणीव आहे. समुद्रावरील व आकाशांतील आंतरराष्ट्रीय वाहतुकीचें इंधन निराळें नोंदितात, पण तें कोणाच्याच बेरजेंत धरीत नाहींत. मालाचें म्हणाल, तर तो तयार होतांना निघालेला धूर करणाराच्या नांवें पडतो, वापरणाराच्या नव्हे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति २९२० मेगावॉट आहे. तेथील धूर व राख चंद्रपुरांत राहते, वीज तारांवरून दूरच्या शहरांस जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत जें घडतें, तेंच राष्ट्राराष्ट्रांत घडतें.

मापाविषयींही एक शब्द सांगितला पाहिजे. शेर हें नांव एकच, पण कच्चा शेर निराळा व पक्का निराळा, हें आपण जाणतों. मिथेन व कर्बवायु यांची एकत्र बेरीज करण्याकरितां एक टन मिथेन म्हणजे किती टन कर्बवायु, असें कोष्टक लागतें. शंभर वर्षांचा काळ धरून हें प्रमाण १९९५ सालीं २१ ठरलें, पुढें २५, व २०१३ सालीं २८. वीसच वर्षांचा काळ धरिला तर तेंच ८४ च्या घरांत जातें. काळ किती धरावा हें निसर्ग सांगत नाहीं. तो मनुष्यांचा ठराव आहे. २०१८ सालीं पोलंडमधील काटोवित्से येथें सर्वांनीं शंभर वर्षांचें व २८ चें माप पत्करिलें, हें चांगलें झालें. निदान शेर तरी एक झाला.

(५)

हे सर्व जुने वाद झाले असें कोणी म्हणेल, तर तसें नाहीं. युरोपीय संघानें २०२३ सालीं एक कायदा करून लोखंड व पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतें, हायड्रोजन व वीज या आयात मालावर त्यांतील कर्बाच्या प्रमाणांत आकार बसविण्याचें ठरविलें. २०२५ अखेरपर्यंत केवळ माहिती द्यावयाची होती; १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर प्रत्यक्ष देणें लागूं झालें. ज्या कारखान्याजवळ स्वतःची मोजणी व तिची मान्य रुजुवात असेल, त्याचा आंकडा धरितात. नसेल त्यास ठरीव आंकडा, आणि त्यावर कांहीं वाढ. मोठ्या कारखान्यांस रुजुवातीचा खर्च परवडतो. लहान भट्टीवाल्यास तो परवडत नाहीं, आणि त्याच्या नांवें अजमास चढतो. भातखाचरांची कथा येथें भट्ट्यांच्या रूपानें पुन्हां अवतरते, असें आम्हांस वाटतें. भेद इतकाच कीं, तेव्हां केवळ दोष येत होता, आतां पैसा द्यावा लागतो.

व्यापारी मंडळ्यांकरितां जो नमुना आज बहुतेक जगांत चालतो, तो २००१ सालीं वर रिसोर्सेस इन्स्टिट्यूट म्हणून जी संस्था सांगितली तिनेंच, व्यापाऱ्यांच्या एका जागतिक मंडळाच्या सहकार्यानें, प्रसिद्ध केला. स्वतः जाळलेलें, विकत घेतलेल्या विजेचें, आणि माल पुरविणारे व वापरणारे यांचें, असे त्यांत तीन वर्ग आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे नियम निराळे होते. २०२५ सालीं दोहोंनीं आपले नियम एक करण्याचें जाहीर केलें. हें स्वागतार्ह आहे. मात्र एक नमुना करणारांनीं मोजणीचीं साधनें व रुजुवात करणारे कारकून हेही सर्वत्र पोंचतील अशी तजवीज केली पाहिजे. नाहींतर समान नियम हा ज्याच्याजवळ कागद आहे त्याचाच नियम होईल.

(६)

हिशेब ठरल्यावर वांटणी येते. कोळसा सोडावयाचा, तर त्यावर ज्यांचें पोट होतें त्यांचें काय? न्याय्य स्थित्यंतर हा जो शब्दप्रयोग आज रूढ आहे, तो अमेरिकेंतील कामगारचळवळींतून निघाला, व २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेंत शिरला. ब्रिटननें आपलें शेवटचें कोळशावरील वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद केलें. परंतु तेथील खाणकामगारांच्या वस्त्या त्यापूर्वींच, १९८४-८५ च्या संपानंतर, उजाड झाल्या होत्या, आणि त्या वेळीं हा शब्द कोणाच्या तोंडीं नव्हता. जर्मनीनें २०२० सालीं कायद्यानें आपल्या कोळसाप्रदेशांकरितां ४००० कोटि युरोपर्यंत तरतूद केली. दक्षिण आफ्रिकेस २०२१ सालीं श्रीमंत राष्ट्रांनीं ८५० कोटि डॉलर देऊं केले, त्यांतील बहुतेक भाग कर्जरूप. एकानें आपल्या घरास दिलेली देणगी व त्यानेंच शेजाऱ्यास दिलेलें कर्ज, हीं एकाच मथळ्याखालीं मांडूं नयेत.

आपल्या घरचेंही पाहिलें पाहिजे. भारत सरकारनें २०१० सालीं स्वच्छ ऊर्जेकरितां म्हणून कोळशावर टनामागें ५० रुपये पट्टी बसविली. २०१६ पर्यंत ती ४०० रुपये झाली. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां तिचें रूपांतर राज्यांच्या महसुलाची तूट भरून देणाऱ्या उपकरांत झालें, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तो उपकरही उठला. एका कामाची पट्टी दुसऱ्या कामीं लागणें ही गोष्ट जुन्या दफ्तरांत नवीन नाहीं. पण ज्या खाणीच्या मुलखांतून ती पट्टी निघाली, त्या मुलखाच्या पुढील आयुष्याची तरतूद तींतून वेगळी राखली गेली नाहीं, एवढी नोंद आम्ही येथें करून ठेवितों. देशादेशांमधील न्याय मागणारानें देशांतील न्यायाचा कागदही दाखविला पाहिजे. माणशीं सरासरीच्या आड आपल्यांतील श्रीमंतांस लपतां येऊं नये.

(७)

आतां संग्राहकांस विनंती. खाण बंद होते तेव्हां तिचें दफ्तर रद्दींत जातें. उत्पादनाच्या वह्या, कोळशाच्या चलनी, रेल्वेच्या इंधनाचे तक्ते, गिरण्यांच्या बाष्पयंत्रांचीं टिपणें, हीं सर्व वर सांगितलेल्या हिशेबाचीं मूळ साधनें आहेत. त्यांहून जपण्यासारखे कागद म्हणजे हजेरीपट व पगाराचे तक्ते. भरपाई मिळते ती ज्याचें नांव पटावर आहे त्यास. ठेकेदाराकडील मजूर, टोपल्या वाहणाऱ्या बायका, कोळसा सायकलवर लादून विकणारे, यांचीं नांवें मुख्य वहींत नसतात. तीं कोठें ठेकेदाराच्या खिशांतील चोपडींत, कोठें उधारीच्या खात्यांत, कोठें दवाखान्याच्या नोंदींत सांपडतात. असे कागद कोणास मोडींत, देवनागरींत वा इंग्रजींत आढळल्यास ते तुच्छ मानूं नयेत. बखरी व सनदा यांच्या शेजारीं त्यांस जागा द्यावी, त्यांच्या नकला कराव्या, व कोणत्या खाणीचे, कोणत्या सालचे, कोणाच्या हातचे, हें प्रत्येकावर लिहून ठेवावें. कर्बाचा हिशेब आज मांडिला जात आहे, आणि त्याची रुजुवात पुढील पिढीस करावी लागेल. तिच्या हातीं अजमासाखेरीज दुसरें कांहीं राहिलें नाहीं, तर तो दोष आपल्याकडे येईल.